वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायला शिकवणारा माणूस

२ जून २०२०. उत्रेख्तमध्ये संध्याकाळचे सात वाजले होते आणि बाहेर अजून चांगला उजेड होता. मी लॅपटॉपवर अरबी समुद्राचा नकाशा उघडून बसलो होतो. निसर्ग चक्रीवादळ त्याच दिवशी तयार झालं होतं आणि कोकण किनाऱ्याकडे निघालं होतं. दापोली तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं कौलारू घर आहे. मागे नारळ-पोफळीची वाडी, आणि घरात आई-बाबा दोघंच. कोविडमुळे विमानं बंद होती, त्यामुळे जायचा प्रश्नच नव्हता.

युरोपीय हवामान केंद्राचं मॉडेल वादळाचा एकच रस्ता सांगत नाही. सुरुवातीचे आकडे जरा जरा बदलून तेच गणित ५१ वेळा केलं जातं आणि नकाशावर ५१ रेषा उमटतात. रेषा एकमेकींना चिकटून असल्या तर भरवसा जास्त, फाकल्या तर कमी. त्या संध्याकाळी काही रेषा मुंबईकडे जात होत्या, काही अलिबागजवळ, तर काही आमच्या अगदी अंगावर. तेवढ्यात बाबांचा फोन आला. त्यांना एकच गोष्ट हवी होती: आपल्याकडे येणार की नाही? कॉम्प्युटर इंजिनीअर झालेल्या मुलाला त्याचं हो किंवा नाही असं उत्तर देता येईना.

तेव्हा मला एका माणसाची आठवण झाली. माझ्या घरापासून सायकलवर पंधरा मिनिटांच्या अंतरावर सोनेनबोर्ख नावाचा जुना बुरूज आहे. आता तिथे वेधशाळा आणि संग्रहालय आहे. आम्ही तिथे सहज म्हणून गेलो होतो आणि मी या माणसाच्या प्रेमात पडून परत आलो. त्यांचं नाव क्रिस्तोफोरस बाउस बालॉट. शाळेत भूगोलाच्या तासाला आपल्यापैकी काहींनी बाइज बॅलट असं ते ऐकलं असेल.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८१७ चा, झीलंड प्रांतातल्या क्लुटिंग या खेड्यातला. झीलंड म्हणजे या देशाचा नैऋत्य कोपरा, समुद्राशी कायम झुंजणारा. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. मुलगा शिकायला उत्रेख्तला आला, १८४४ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि १८४७ मध्ये तिथेच गणिताचा प्राध्यापक झाला. पुढे ते भौतिकशास्त्रही शिकवू लागले. हे शहर त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

त्यांचं नाव पहिल्यांदा गाजलं ते वाऱ्यामुळे नव्हे, आगगाडीमुळे! १८४२ मध्ये डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने मांडलं होतं की आवाज करणारी वस्तू जवळ येत असेल तर तिचा सूर चढा ऐकू येतो आणि लांब जात असेल तर उतरतो. ताऱ्यांचे रंगही त्यामुळेच वेगवेगळे दिसतात, असंही त्याचं म्हणणं होतं. बालॉट यांना हे पटलं नाही. वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनी प्रयोग करायचं ठरवलं. अॅमस्टरडॅम-उत्रेख्त रेल्वे तेव्हा नवीकोरी होती. १८४५ मध्ये उत्रेख्त आणि मार्सेनच्या दरम्यान त्यांनी इंजिनाला जोडलेल्या डब्यावर कर्णा वाजवणारे वादक बसवले आणि सूर अचूक ओळखणारे जाणकार रुळांच्या कडेला उभे केले. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न खराब हवेने हाणून पाडला. जूनमध्ये पुन्हा गाडी धावली. निकाल डॉप्लरच्या बाजूने लागला. ज्याला खोटं पाडायला निघाले होते तोच आवाजाच्या बाबतीत बरोबर ठरला, आणि बालॉट यांनी तसं छापून टाकलं. ताऱ्यांच्या रंगांचं मात्र त्यांनी मानलं नाही, आणि तिथे पुढे तेच बरोबर निघाले. जेवढं मोजून दिसलं तेवढं मान्य करायचं, त्याच्या पुढे जायचं नाही, ही सवय त्यांना जन्मभर होती.

हवामान ही तेव्हा पंचांग आणि म्हाताऱ्या खलाशांच्या अनुभवाची गोष्ट होती. बालॉट यांनी सोनेनबोर्खच्या बुरुजावर तापमान, हवेचा दाब आणि वारा यांच्या रोजच्या नोंदी सुरू केल्या. ३१ जानेवारी १८५४ ला राजाज्ञेने रॉयल डच हवामान संस्था स्थापन झाली आणि ते तिचे पहिले संचालक झाले. हीच ती केएनएमआय, जिने कोड ऑरेंज दिला की आज आपली ट्रेन रद्द होते आणि मुलांच्या शाळेतून मेसेज येतो.

त्यांची एक युक्ती मला प्रोग्रामर म्हणून फार आवडते. नुसता आकडा काही सांगत नाही, हे त्यांनी ओळखलं. आधी प्रत्येक ठिकाणची त्या दिवसाची सरासरी काढायची आणि मग आजचा आकडा तिच्यापासून किती ढळला ते बघायचं. आज पाऊस सरासरीपेक्षा इतका कमी अशी बातमी आपण वाचतो, तेव्हा वापरतो ती हीच पद्धत.

डेन हेल्डर, ग्रोनिंगन, व्लिसिंगन, मास्त्रिख्त अशा देशाच्या कोपऱ्यांतल्या ठिकाणांहून तारेने दाबाचे आकडे येऊ लागले. ते शेजारी शेजारी मांडले तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरळ जात नाही, तो वळून वाहतो. आणि दोन ठिकाणच्या दाबात फरक जितका जास्त तितका वारा जोरात. १८५७ मध्ये त्यांनी नियम मांडला. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असेल. दक्षिण गोलार्धात उजव्या हाताला. कारण पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हा नियम चालत नाही आणि जमिनीवर घर्षणामुळे थोडा फरक पडतो. पण भर समुद्रात हातात नकाशा नसलेल्या तांडेलालाही वादळाचं पोट कुठल्या बाजूला आहे ते कळायला तो पुरतो.

इथे पुन्हा एक गंमत झाली. विल्यम फेरेल या अमेरिकी शिक्षकाने आदल्याच वर्षी हीच गोष्ट सिद्धांताने काढली होती, पण ती छापली होती नॅशव्हिलच्या एका वैद्यकीय मासिकात! युरोपात ते कोण वाचणार? बालॉट यांना हे पुढे कळलं तेव्हा त्यांनी फेरेलचा पहिला मान मोकळेपणाने कबूल केला. नियमाला नाव मात्र त्यांचंच चिकटलं.

नियम सापडला म्हणून ते थांबले नाहीत. १८६० मध्ये त्यांनी बंदरांना तारेने वादळाचे इशारे पाठवायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये ॲडमिरल फिट्झरॉयने, म्हणजे डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजाच्या कप्तानाने, असे इशारे सुरू केले ते १८६१ मध्ये. बालॉट यांच्याकडे किती साधनं होती बघा. मूठभर ठिकाणं, आणि पश्चिमेला जिथून वादळं येतात तिथे नुसता समुद्र. उपग्रह नाही, रडार नाही. वादळ जवळ आल्याशिवाय त्यांच्या बॅरोमीटरना कळायचंच नाही. त्यामुळे इशारा कधी चुकणार, कधी उशिरा पोचणार हे उघड होतं. चुकीच्या इशाऱ्याने होड्या बंदरात अडकून पडतात, एक दिवसाची मासळी बुडते, आणि लोक हसतात ते वेगळंच. फिट्झरॉयवर तर वर्तमानपत्रांनी आणि शास्त्रज्ञांनीही टीकेची झोड उठवली. १८६५ मध्ये त्याने आपलं आयुष्य संपवलं. त्यामागे इतरही कारणं होती. पण त्याच्या मागे इंग्लंडमधले इशारे काही काळ बंदच केले गेले, आणि ओरड केली ती किनाऱ्यावरच्या लोकांनी. त्यांना चुकणारा इशाराही हवा होता.

बालॉट यांनी आपलं म्हणणं लहान ठेवलं. उद्या काय होईल हे सांगण्यापेक्षा आत्ता दाबात धोक्याइतका फरक पडलाय, जपा, एवढंच. त्यासाठी त्यांनी किनाऱ्यावर एक यंत्रही उभं केलं, एरोक्लिनोस्कोप नावाचं. उंच खांब आणि त्यावर तिरका होणारा दांडा. दांडा किती कलला आणि कुठे, यावरून दाबाचा फरक लांबूनच दिसायचा. अक्षरओळख नसलेल्या कोळ्यालाही कळावं असं. आपल्या हर्णै बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो, तो याच जातीचा.

वादळाला देशांच्या सीमा कळत नाहीत, पण प्रत्येक देश आपापल्या वेळेला आणि आपापल्या मापात नोंदी करत होता. सगळ्यांनी एकसारखं मोजावं म्हणून बालॉट यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १८७३ मध्ये व्हिएन्नाला पहिली आंतरराष्ट्रीय हवामान परिषद भरली आणि तिच्या कायम समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. आजच्या जागतिक हवामान संघटनेचं मूळ तिथे आहे. आपलं भारतीय हवामान खातं १८७५ चं, म्हणजे त्याच काळातलं. मुंबईच्या कुलाब्याचा आकडा युरोपातल्या मॉडेलमध्ये थेट जाऊ शकतो, तो या एकसारखेपणामुळे.

३ फेब्रुवारी १८९० ला उत्रेख्तमध्येच ते वारले, तेव्हाही ते संस्थेचे संचालक होते. सात वर्षांनी संस्था जवळच्या दे बिल्टला हलली. आज विद्यापीठात त्यांच्या नावाची इमारत आहे, आणि डच विज्ञान अकादमी दर दहा वर्षांनी एका हवामानशास्त्रज्ञाला त्यांच्या नावाचं पदक देते.

तर त्या संध्याकाळी मी बाबांना खरं ते सांगितलं. येणार की नाही ते मला माहीत नाही. पण ५१ पैकी बऱ्याच रेषा आपल्यापासून फार लांब नाहीत, तेव्हा आत्ताच शेजारच्या काकांच्या स्लॅबच्या घरात जा. बाबा चिडले. नक्की माहीत नाही तर मध्यरात्री घर कशाला सोडायचं, असं त्यांचं म्हणणं. आईने मात्र औषधं आणि कागदपत्रं पिशवीत भरली आणि दोघं गेले.

सकाळी फोन लागला. वारा डोंगराकडून, म्हणजे आग्नेयेकडून येत होता. त्याच्याकडे पाठ केली तर डावा हात नैऋत्येला, समुद्राकडे. वादळ अजून खाली होतं. तासाभराने वारा दक्षिणेकडून झाला, म्हणजे वादळ समोर पश्चिमेला आलं. मग बाबांनी सांगितलं की आता तो समुद्रावरून येतोय. मी म्हटलं, वादळ पुढे सरकतंय, पण अजून बाहेर पडू नका. तेवढ्यात फोन तुटला. दुपारी निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. खेडचा चुलतभाऊ रस्त्यात पडलेली झाडं तोडत तिसऱ्या दिवशी गावात पोचला, तेव्हा कुठे कळलं. घराची कौलं गेली होती, बाबा ज्या खोलीत झोपतात तिथे वासा खाली आला होता आणि वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या होत्या. आई-बाबा काकांकडे सुखरूप होते. वीज यायला पुढे बरेच आठवडे गेले.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. या वेळी बाबांनीच फोन केला. ते अंगणात वाऱ्याकडे पाठ करून उभे होते आणि डावा हात समुद्राकडे जातोय म्हणून सांगत होते. पिशवी त्यांनी आधीच भरून ठेवली होती.