किरणांना माप देणारा शास्त्रज्ञ

अमरावतीच्या राजापेठेतील एखाद्या माणसाला कर्करोग झाला, तर किरणोपचारासाठी त्याला कधी कधी नागपूरसारख्या शहरात जावे लागते. आपल्याकडे लोक या उपचाराला शेक देणे म्हणतात. पण हा शेक गरम पाण्याच्या पिशवीचा नसतो. यात डोळ्यांना न दिसणारे किरण रोगाच्या गाठीवर सोडतात. किती किरण दिले, याची नोंद रुग्णाच्या कागदांवर असते. त्या नोंदीत आकड्यापुढे एक छोटा शब्द असतो : ग्रे. आपण कापड मीटरने मोजतो, धान्य किलोग्रॅमने मोजतो. तसे शरीराने शोषलेले किरण ग्रे या मापाने मोजतात. हे एका माणसाचे नाव आहे. त्याची गोष्ट तुम्हांला सांगतो.

लुई हॅरॉल्ड ग्रे यांचा जन्म १० नोव्हेंबर १९०५ रोजी लंडन येथे एका साधारण परिस्थितीच्या कुटुंबात झाला. हुशारीच्या बळावर शिष्यवृत्त्या मिळवत ते केंब्रिज विद्यापीठात पोहोचले. तेथे रदरफर्ड या थोर शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन केले. अणूच्या अभ्यासात नाव कमावण्याची संधी त्यांच्यासमोर होती. परंतु १९३३ मध्ये त्यांनी ती वाट सोडली आणि लंडनजवळील माउंट व्हर्नन रुग्णालयात काम धरले. त्या काळी रुग्णालयात काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ फार थोडे होते.

तेथे डॉक्टरांपुढे मोठी अडचण होती. किरण कमी पडले, तर रोगाची गाठ उरते; जास्त झाले, तर शेजारचा निरोगी भाग जळतो. म्हणून आधी किरण अचूक मोजता आले पाहिजेत. ग्रे यांनी १९३६ मध्ये त्यासाठी उपयोगी पडणारा नियम मांडला.

तरीही एक कोडे उरलेच. योग्य मापाने किरण देऊनही काही गाठी नाहीशा होत, तर काही पुन्हा वाढत. असे का व्हावे? १९०९ मध्येच व्हिएन्ना शहरातील श्वार्ट्झ या डॉक्टरांना एक गोष्ट दिसली होती. त्वचा दाबून धरली, की तिथला रक्तपुरवठा घटतो आणि किरणांचा परिणामही कमी होतो. रक्त काय वाहून नेते? प्राणवायू, म्हणजेच ऑक्सिजन. ग्रे यांनी नेमका हाच धागा धरला.

त्यांनी रोपांच्या कोवळ्या मुळांवर आणि उंदरांच्या गाठींवर प्रयोग केले. १९५३ मध्ये चार सहकाऱ्यांसह त्यांनी आपला निष्कर्ष जाहीर केला. प्राणवायू भरपूर असला, की पेशी किरणांनी लवकर मरतात. प्राणवायू नसला, तर तेवढ्याच परिणामासाठी सुमारे तिप्पट किरण लागतात. किरणांनी पेशीत जी मोडतोड होते, ती प्राणवायूमुळे पक्की होते आणि पेशीला ती दुरुस्त करता येत नाही.

१९५५ मध्ये टॉमलिन्सन यांच्यासोबत त्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तुमच्या गल्लीतील नळाची आठवण करा. पाण्याचा जोर कमी असला, की पहिल्या घरांना पाणी मिळते आणि शेवटचे घर कोरडे राहते. गाठीतही तसेच होते. रक्तवाहिनीजवळच्या पेशींना प्राणवायू मिळतो, सुमारे ०.१५ ते ०.२ मिलिमीटरच्या पलीकडे तो पोहोचतच नाही. तिथल्या पेशी मरतात. पण सीमेवर काही अर्धपोटी पेशी जिवंत राहतात. किरणांना दाद न देणाऱ्या त्या ह्याच! त्यांच्यापासून गाठ पुन्हा वाढू शकते.

हे कळल्यावर उपायांची दिशा मिळाली. रुग्णाला जास्त दाबाच्या प्राणवायूत ठेवून किरण देण्याचे प्रयोग झाले. पण ती पद्धत अवघड होती, म्हणून ती सर्वत्र रुजली नाही. एकदम मोठी मात्रा न देता दररोज थोडे थोडे किरण देण्याची पद्धत आधीपासून होती. ती का उपयोगी पडते, याचे एक कारण आता समजले. जवळच्या पेशी मेल्या, की मधल्या काळात अर्धपोटी पेशींना प्राणवायू मिळू लागतो आणि पुढच्या वेळी किरण त्यांनाही गाठतात. म्हणून घरच्या रुग्णाला कंटाळा आला, तरी उपचार मध्येच सोडू देऊ नका. विडी-सिगारेटच्या धुराने रक्तातील प्राणवायू घटतो, म्हणून उपचार चालू असताना ती ओढणे अधिकच घातक असते, हेही त्याला समजावून सांगा.

९ जुलै १९६५ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणसाठाव्या वर्षी ग्रे यांचे निधन झाले. १९७५ मध्ये किरणांच्या मापाला जगाने त्यांचे नाव दिले.

मित्रांनो, उपचार फसला की नशिबाला दोष देणे सोपे असते. ग्रे यांनी तसे केले नाही. तो का फसला, हे त्यांनी शांतपणे शोधले. तुमचेही एखादे गणित चुकले, तर पान फाडू नका. चूक कोठे झाली, ते आधी पाहा.