स्वामींचं दुखणं आणि माझं दुखणं

दत्तजयंतीच्या अंकासाठी थोरले महाराज, म्हणजे प. पू. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी यांच्यावर लिहायचं ठरवलं. त्यांच्या चमत्कारांवर पुष्कळांनी लिहिलं आहे. मी आपला एका जुन्या कारकुनाच्या नजरेने त्यांच्या दुखण्याबद्दल लिहितो.

कारण सांगायला थोडी लाज वाटते. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी मला मोठ्या आतड्याची सूज निघाली. दिवसातून आठ-दहा वेळा धावायचं. गाडीत बसायचं म्हटलं की छातीत धडधड. दरवर्षीची वाडीची वारी चुकली, आणि मी घरात चिडचिडा झालो. हिने एक दिवस स्वामींचं चरित्र हातात दिलं. संन्यासाचं प्रकरण माहीत होतं, पण संग्रहणीचा उल्लेख मी पूर्वी वाचला असून लक्षात घेतला नव्हता. आपलं दुखेपर्यंत दुसऱ्याचं कुठे दिसतं!

स्वामींचा जन्म 1854 साली सावंतवाडीजवळच्या माणगावी झाला. वडील गणेशभट्ट, आई रमाबाई. घरची गरिबी. वेद, ज्योतिष, वैद्यक यांत त्यांची गती मोठी. 1883 साली माणगावात त्यांनी दत्तमंदिर उभं केलं, सुमारे सात वर्षं तिथे राहिले आणि मग पत्नी अन्नपूर्णाबाईंसह निघाले ते कायमचेच. एकच अपत्य झालं, तेही जन्मतः गेलेलं. 1891 मध्ये गोदाकाठी गंगाखेडला पटकीने अन्नपूर्णाबाई गेल्या आणि चौदाव्या दिवशी त्यांनी संन्यास घेतला. उज्जैनला नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला. सांगायला चार ओळी लागल्या, पण बायको गेल्यावर पंधरा दिवसांत मी बँकेत तरी धड उभा राहिलो असतो का, असं मनात येतं.

त्यापुढची तेवीस वर्षं अनवाणी चालणं. हरिद्वार, ब्रह्मावर्त, द्वारका, तंजावर, पवनी, कुरवपूर अशा ठिकाणी चातुर्मास. पैशाला स्पर्श नाही, वाहनात बसणं नाही, दुपारी मधुकरी मागून एकदाच जेवण. आणि या सगळ्यात संग्रहणी! ज्यांना पोटाचं दुखणं आहे त्यांनाच हे कळेल. पथ्याचं अन्न सांगून करून घेता येत नाही, भिक्षेत येईल ते खायचं. जवळ नदी असेल तिथे स्नान, थंडी असो वा पाऊस. शिवाय त्यांना स्वतःला आयुर्वेद येत होता. दुसऱ्यांना औषध सांगत. आपल्या बाबतीत मात्र देहाचे भोग भोगून संपवायचे, अशीच त्यांची वृत्ती दिसते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कोणीतरी माझ्या नावाने गोळ्या बंद करायचा. ते यती होते. आपण प्रपंची. मी माझ्या गोळ्या वेळेवर घेतो आणि डॉक्टरांना दर तीन महिन्यांनी दाखवतो. स्वामींकडून मी घेतली ती वेगळीच गोष्ट. दुखणं होतं म्हणून त्यांचं काम थांबलं नाही. दत्तपुराण, द्विसाहस्त्री, कितीतरी स्तोत्रं याच देहाकडून झाली. 1905 साली वाडीला करुणात्रिपदी आणि 1911 साली कुरवपूरच्या चातुर्मासात घोरकष्टोद्धरण स्तोत्र. रोज संध्याकाळी आपण म्हणतो ती पदं लिहिणाऱ्याचं पोटही दुखत असेल, हे मनात आलं आणि माझा आवाजच बदलला.

शेवटी 1913 साली ते नर्मदाकाठी गरुडेश्वरला आले. शरीर पार थकलं होतं. 1914 साली, शके 1836 च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेला, त्यांनी तिथेच देह ठेवला. वय साठीच्या आत. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान.

हे वाचल्यावर मी दोन गोष्टी केल्या. एक, लोकांपासून दुखणं लपवायचं सोडलं. सहलीच्या माणसाला स्पष्ट सांगून टाकलं की मला दर तासाला थांबावं लागेल. तो म्हणाला, काका, थांबू की! दुसरी, वहीत रोजचा हिशेब लिहायला लागलो, काय खाल्लं आणि काय त्रास झाला याचा. सवय जुनीच. त्यातून कळलं की दूध आणि वाटाण्याची उसळ मला चालत नाही.

या पौर्णिमेला वाडीला जातोय, तीन वर्षांनी. पिशवीत गोळ्या, ताकाची बाटली आणि करुणात्रिपदीची छोटी पुस्तिका. हिने पुढच्या सीटची जागा धरली आहे, दाराजवळची.