चिं. वि. जोशी : चिमणरावांचे जनक

१९४० साली मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला ‘लग्न पहावे करून’ हा नवयुग चित्रपट संस्थेचा बोलपट तुम्ही पाहिला असेल किंवा नसेल. त्याचे नाव मात्र तुम्हांस घरातील म्हणीमुळे परिचित असणार. लग्न जुळविण्याच्या खटपटीतील फजिती हा त्याचा विषय. दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. या जोडीचे जनक चिंतामण विनायक जोशी यांचा परिचय येथे करून घ्यावयाचा आहे.

जोशी यांचा जन्म १८९२ साली पुण्यात झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात धर्मानंद कोसंबी यांच्याकडे त्यांनी पालीचे अध्ययन केले. पुढे बडोद्याच्या महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. संस्थानच्या दफ्तराचे कामही सांभाळले. जातककथा त्यांनी मराठीत आणल्या, बुद्धचरित्र लिहिले. विनोदी लेखकाच्या चरित्रातील हा भाग पुष्कळदा एका ओळीत उरकला जातो. माझ्या मते तो तसा उरकू नये. पाली ही लोकांना समजावे म्हणून वापरली गेलेली भाषा. जातकातील कथनही सरळ, अनलंकृत. जोशी यांच्या गद्याची ठेवण नेमकी अशीच आहे.

हे पटण्यासाठी पूर्वसूरींकडे पाहा. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि गडकरी यांचा विनोद कोटी, कल्पनाविलास व अतिशयोक्ती यांवर उभा आहे. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ (१९३२) व ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ (१९३३) यांत मात्र चिमणराव स्वतःची हकीकत गंभीरपणे सांगत जातात. आपण हास्यास्पद ठरत आहोत, याची निवेदकाला जाणीव नसते, वाचकाला असते. विनोद शब्दांत नव्हे, या दोन जाणिवांमधील अंतरात असतो.

आता बोलपटाची अडचण लक्षात येईल. पडद्यावर चिमणराव बोलत नाहीत, दिसतात. निवेदकाचा भाबडा स्वर तेथे हरवतो आणि त्याची भरपाई दामुअण्णांची तिरळी नजर व चेहऱ्यावरील निरागस गोंधळ करतात. ती पुष्कळ अंशी होते, असे मला वाटते. १९४२ साली याच जोडीवर ‘सरकारी पाहुणे’ही निघाला.

सोलापुरात कन्नड-तेलुगूच्या शेजारात वाढलेल्या तुमच्यापैकी अनेकांना चिमणरावांची पुणेरी मराठी परकी वाटेल. परंतु दाखविण्याचा कार्यक्रम, देण्याघेण्याची बोलणी, मुलीकडच्यांनी गिळलेला अपमान हे परके वाटणार नाही. जोशी त्यावर टीका करीत नाहीत. भल्या स्वभावाच्या, दुबळ्या मनाच्या माणसाला त्या व्यवहारात सोडून देतात. हसताना आपण कोणाला हसतो आहोत, हे प्रत्येक प्रसंगी तपासून पाहा. मला स्वतःला ते दर वाचनात वेगळे आढळले आहे.

१९६३ साली जोशी यांचे निधन झाले. पुढे दूरदर्शनच्या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. अनेक घरांत मूळ पुस्तके त्यानंतर वाचली गेली.