वर्ध्याचा पांडुरंग, मेक्सिकोचा मास्तर : डॉ. खानखोजे यांनी परक्या मुलखात बस्तान कसं बसवलं?

मलकापूर : मलकापूर-मोताळा पट्ट्यात कपाशी-सोयाबीनच्या शेजारी मका आता सर्रास दिसतो. मार्केट यार्डात मक्याचे ढीग लागतात. पण हे पीक मूळचं आपलं नाही. मक्याचं माहेर म्हणजे मेक्सिको. आणि त्या मक्याच्या माहेरी जाऊन, तिथल्या शेतकऱ्यांना मका कसा सुधारायचा हे शिकवणारा माणूस आपल्या विदर्भातला होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म ७ नोव्हेंबर १८८४, वर्धा. शाळेत त्यांचं नाव येत नाही. आलंच तर क्रांतिकारक म्हणून एका ओळीत उरकतं. त्यांनी आयुष्याची जवळपास पन्नास वर्षं परदेशात काढली. जपान, अमेरिका, इराण, जर्मनी आणि शेवटी मेक्सिको. प्रत्येक ठिकाणी नवी भाषा, नवं जेवण, नवी थंडी. कधी कधी तर नावसुद्धा नवं. हे सगळं त्यांनी निभावलं कसं, ते आज पाहू.

वर्ध्याहून निघाले ते थेट समुद्रापार

तो काळ वंगभंगाचा. पोरं विदेशी कापडाच्या होळ्या करत होती. खानखोजे लोकमान्य टिळकांना भेटले. लष्करी शिक्षण घ्यायचं असेल तर परदेशी जावं लागेल, असा सल्ला मिळाला. १९०६ च्या सुमारास, वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी ते निघाले. घरात पोराच्या लग्नाचा विचार, आणि पोराच्या डोक्यात बंदूक!

वर्ध्याहून मुंबईचा रेल्वेरस्ता तेव्हाही हाच. ही लाईन १८६७ मध्येच नागपूरपर्यंत गेली होती. बडनेरा, अकोला, शेगाव, मलकापूर, भुसावळ आणि मग पुढे मुंबई. आज आपली पोरं ट्रंक-बॅग घेऊन पुण्या-मुंबईला जातात ती याच रुळांवरून. फरक एवढाच की आता रात्री व्हिडिओ कॉल करून जेवलास का म्हणून विचारता येतं. तेव्हा पत्र जायलाच महिने लागत, आणि क्रांतिकारकाच्या घरी आलेलं पत्र आधी पोलिस वाचत.

आधी जपान झालं, मग अमेरिकेचा पश्चिम किनारा. सान फ्रान्सिस्को शहर १९०६ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं होतं. अंगमेहनतीचं काम मिळत होतं, पण मान मिळत नव्हता. लाकूड कापायच्या गिरण्या, फळबागा, रेल्वेचे रूळ असल्या कामांवर पंजाबचे शेतकरी मोठ्या संख्येनं होते. गोऱ्या मजुरांना ते डोळ्यांसमोर नको असत. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात जमावानं शेकडो हिंदी मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं. परदेशात गेलं की सगळं सोनंच, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

खानखोजे पडेल ते काम करून शिकत राहिले. सान राफाएलच्या माउंट टॅमलपाइस मिलिटरी अकॅडमीत त्यांनी लष्करी शिक्षण घेतलं. मग शेतकी. ओरेगनमधल्या कोर्व्हॅलिसचं कॉलेज, पुढे वॉशिंग्टन राज्यातलं पुलमन. कोरडवाहू शेती, गहू, मका हे त्यांचे अभ्यासाचे विषय. बंदूक शिकायला गेलेला माणूस नांगराकडे कसा वळला, असं कुणी विचारेल. पण वऱ्हाड-विदर्भातल्या माणसानं १८९६ ते १९०० या काळातले दुष्काळ लहानपणी पाहिलेले होते. त्यामुळे यात नवल काही नाही.

मजुरांमध्ये राहता राहता त्यांची पंजाबी शीख शेतकऱ्यांशी जवळीक झाली. पंडित काशीराम यांच्यासारखे साथीदार मिळाले. १९१३ मध्ये गदर पक्ष उभा राहिला, १ नोव्हेंबरला सान फ्रान्सिस्कोहून गदर हे पत्र निघालं. या चळवळीच्या लष्करी बाजूची जबाबदारी खानखोजेंकडे होती. म्हणजे परक्या देशात त्यांना आधार मिळाला तो गाववाल्यांचा नव्हे, मराठी माणसांचाही नव्हे. तो पंजाबच्या कुणब्यांचा मिळाला म्हणा ना! भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण मातीची भाषा एकच.

इराणचं वाळवंट

पहिलं महायुद्ध पेटलं आणि ते तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले. बलुचिस्तानच्या बाजूनं इंग्रजांवर चाल करायची असा बेत होता. इथं त्यांनी मुसलमानी नाव घेतलं, तसा पोशाख घातला, फारसी शिकले. इंग्रजी फौजेशी चकमकी झाल्या. ते जखमी झाले, पकडले गेले, निसटले. मग भटक्या टोळ्यांच्या आश्रयानं दिवस काढले. या काळावर एखादा सिनेमा निघेल, पण त्यात फार रमायला नको. बेत फसला. साथीदार मेले, पांगले. युद्धानंतर खानखोजे बर्लिनला पोचले, १९२१ मध्ये मॉस्कोलाही जाऊन आले. हाती काही लागलं नाही.

आता प्रश्न होता जायचं कुठं? हिंदुस्थानात गेले तर अटक. अमेरिकेनं १९१७ च्या कायद्यानं हिंदी माणसाला दार बंद केलेलं, शिवाय गदरवाल्यांवर सान फ्रान्सिस्कोत खटला होऊन गेलेला. वय चाळिशीला आलेलं. घर नाही, देश नाही, हाताशी फक्त शेतीचं शिक्षण.

मेक्सिको : भाकरी सापडली

अमेरिकेत असताना ओळख झालेले एक मेक्सिकन गृहस्थ होते, रामोन दे नेग्री. ते पुढे मेक्सिकोच्या सरकारात शेती खात्याचे मंत्री झाले. ही जुनी ओळख कामी आली. १९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत दाखल झाले आणि राजधानीजवळच्या चापिंगो गावातल्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात शिकवू लागले. या विद्यालयाची इमारत म्हणजे एका बड्या जमीनदाराची हवेली होती. क्रांतीनंतर तिथं शेतकऱ्यांची पोरं शिकायला आली.

शिकवायचं म्हणजे स्पॅनिश आली पाहिजे. चाळिशीत नवी भाषा शिकणं सोपं नाही. पण स्पॅनिशची एक गंमत आहे. जवळच्या माणसाला तिकडेही तू असंच म्हणतात, उच्चारही तोच. आणि मोठ्या माणसाला मानानं बोलायचं तर वेगळा शब्द, आपल्या तुम्ही-आपणसारखा. इंग्रजीत सगळ्यांना एकच माप. मराठी माणसाला त्या बाबतीत स्पॅनिश घरची वाटावी.

जेवणाचंही तसंच. तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत घालतात, दगडी पाट्यावर वाटतात, हातावर थापतात आणि तव्यावर भाजतात. झाली तोर्तिया. सोबत वाल-घेवड्यासारख्या शेंगांची उसळ आणि मिरचीचा ठेचा. सांगा, वऱ्हाडातल्या माणसाला यात परकं काय वाटणार? मिरची तर आपल्याकडे तिकडूनच आली, पोर्तुगीजांच्या जहाजातून. टमाटा, पेरू, सीताफळ हीसुद्धा अमेरिका खंडाकडची. आणि दसऱ्याला आपण दाराला ज्याचं तोरण बांधतो तो झेंडू? तोही मूळचा मेक्सिकोचा. पितरांच्या सणाला तिकडे झेंडूच्या फुलांनी थडगी सजवतात.

पाऊसही उन्हाळा सरता सरता सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो, म्हणजे आपला खरीपच. मक्यात घेवडा आणि भोपळा एकत्र पेरायची त्यांची जुनी रीत आहे. आपल्याकडे कपाशीत तुरीचं तास टाकतात, तसं. फरक थंडीचा. चापिंगो समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे, हिवाळ्यात दहिवर गोठतं, पीक करपतं.

खानखोजेंनी नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवलं. थंडी आणि पाण्याचा ताण सोसणाऱ्या गव्हा-मक्याच्या जाती निवडणं, संकर करणं हे काम त्यांनी हाती घेतलं. मक्याचा एक रानटी भाऊबंद आहे, तेओसिंते नावाचा. दिसायला गवतासारखा. मक्याशी त्याचा संकर करून जास्त कणसं देणारं झाड मिळतं का, यावर त्यांनी बरीच वर्षं घालवली. त्यांच्या मक्याच्या कामाचे फोटो इटलीहून आलेल्या प्रसिद्ध छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनी काढले.

पण नुसत्या प्रयोगशाळेत बसून हा माणूस रमणारा नव्हता. ज्यांना कॉलेजात येता येत नाही त्यांच्यापर्यंत कॉलेज नेलं पाहिजे, म्हणून शेतकरी संघटनांच्या मदतीनं त्यांनी गावोगाव मोफत शेतकी शाळा काढल्या. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. दिवसभर राबलेला शेतकरी यायचा आणि बियाणं, खत, जनावरं यांचं शिकायचं. एका शाळेला तर शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो झपाटा याचं नाव होतं. परक्या मुलखात माणूस पाहुणा राहतो तो स्वतःपुरतं बघतो तोवर. गावच्या अडचणीत हात घातला की तो गावचा होतो. मेक्सिकन शेतकऱ्यांनी या सावळ्या मास्तरला आपलं मानलं ते यामुळे.

जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा हेही तेव्हा चापिंगोतच भिंती रंगवत होते. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांनी भाकरीचं एक मोठं चित्र काढलं. टेबलाभोवती निरनिराळ्या वंशांची माणसं जेवायला बसलीत आणि मधोमध बसलेला एक जण भाकर मोडून वाटतोय. तो चेहरा खानखोजेंचा आहे. चित्र आजही तिथं आहे.

संसार आणि परतीचं तिकीट

१९३६ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, खानखोजेंनी लग्न केलं. बायको बेल्जियमची, नाव जाँ सिंदिक. नवरा वर्ध्याचा, बायको युरोपातली, संसार मेक्सिकोत. दोन मुली झाल्या. एकीचं नाव ठेवलं सावित्री. तीस वर्षांत ज्यांनी गाव पाहिलं नव्हतं, त्यांनी गाव मुलीच्या नावात जपलं.

१९४७ ला देश स्वतंत्र झाला. ज्यासाठी घर सोडलं ते झालं, आता घरी जायचं. खानखोजेंनी व्हिसा मागितला आणि तो नाकारला गेला! कारण काय, तर इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचं नाव होतं आणि स्वतंत्र भारताच्या कचेरीत तीच यादी तशीच चालू होती. इंग्रज गेले, फाईल राहिली. तलाठ्याच्या एका नोंदीसाठी वर्षभर चकरा मारणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पुढे तो निर्णय फिरवला गेला. १९४९ मध्ये ते येऊन गेले आणि १९५५ मध्ये कायमचे परतले. मुक्काम नागपूर.

इथं पुन्हा तीच गोष्ट, उलट्या बाजूनं. सोडून गेलेले खानखोजे विशीतले होते, आले ते सत्तरीचे. ओळखीचे बहुतेक गेलेले. रुपयांचा हिशेब, सरकारी कामाची पद्धत, लोकांची बोली सगळंच बदललेलं. पत्नीसाठी तर नागपूरचा मे महिना म्हणजे आणखी एक परका देश. शेतीसुधारणेचं काम हाती घ्यावं, मेक्सिकोतला अनुभव वापरावा ही त्यांची धडपड होती, राजकारणातही ते उतरले. पण मेक्सिकोनं जेवढं काम त्यांच्याकडून करून घेतलं, तेवढं आपण घेतलं नाही. हे मान्य केलंच पाहिजे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केलेली बरी. हरितक्रांतीचे खरे जनक खानखोजेच, असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात. तसं नाही. १९६६ मध्ये भारतानं मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं, त्या बुटक्या जाती नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केल्या होत्या. बोरलॉग मेक्सिकोत पोचले १९४४ मध्ये. त्याआधीची वीस वर्षं तिथल्या पोरांना पिकांची पैदास शिकवणाऱ्यांत खानखोजे होते, एवढं मात्र खरं. आणि ते काही कमी नाही.

मेक्सिकोचा गहू पंजाबात पेरला जात होता तेव्हा खानखोजे नागपुरात होते. २२ जानेवारी १९६७ रोजी तिथंच त्यांचं निधन झालं. पुढे मुलगी सावित्री यांनी इंग्रजीत आणि वीणा गवाणकर यांनी मराठीत त्यांचं चरित्र लिहिलं. गवाणकरांचं पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात मागून पाहायला हरकत नाही. चापिंगोच्या विद्यापीठात २०२२ मध्ये त्यांचा पुतळा बसवला गेला आणि लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी तिथं जाऊन त्याचं अनावरण केलं.