पायातली बुरशी ओळखणारा चित्रकार : डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर



थोरांची ओळख लिहायची म्हटलं की आपण जयंती-पुण्यतिथीच्या यादीतलं नाव उचलतो. आजचं नाव त्या यादीत सापडणार नाही. हा माणूस विलायतेत जन्मला, पण नोकरीची तीस वर्षं त्याने आपल्या मुंबई इलाख्यात काढली, त्यातली नऊ साताऱ्यात. त्याच्यापर्यंत मी पोचले ती माझ्याच एका चुकीमुळे. ती आधी सांगते.

आमच्या लांज्यात जून लागला की वर्गाबाहेरच्या चपला सप्टेंबरपर्यंत ओल्याच. गणवेश चुलीच्या उबेवर वाळवायचे, तेही अर्धे ओले अंगावर चढायचे. लावणीच्या दिवसांत घरातल्या मोठ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि मुलांच्या कमरेला, मानेला नायटे उठतात. मागच्या पावसाळ्यात तिसरीतल्या एका मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढा चट्टा दिसला. त्याची आजी शाळेत आली होती, तिने मला विचारलं. मला स्वतःला आदल्या वर्षी एका ट्यूबने चार दिवसांत आराम पडला होता. मी त्याच ट्यूबचं नाव कागदावर लिहून दिलं. बाईंनी लिहून दिलंय म्हटल्यावर आजीने दोन महिने ती मनोभावे लावली. चट्टा वाढला, केस गेले, धाकट्या बहिणीच्या गालावरही गोल उठला. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चट्ट्याची साल हलक्या हाताने खरवडून काचेवर घेतली, त्यावर औषधाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बुरशीचे धागे दिसले. मग त्यांनी ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं दाखवली. तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइड होतं. आणि डोक्यातली बुरशी केसांच्या मुळाशी असते, तिथे नुसतं मलम पोचतच नाही, पोटातून औषध लागतं, हेही मला त्या दिवशी कळलं.

ती काच डोक्यातून जाईना. माणसाच्या दुखण्यात बुरशी असते हे आपल्याकडे असं काचेखाली धरून कोणी शोधलं असेल, म्हणून वाचायला लागले आणि कार्टर भेटले.

हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ चा, इंग्लंडमधल्या हल गावचा. वडील चित्रकार, आणि मुलाच्या नावातलं व्हॅनडाइक हेही एका मोठ्या चित्रकाराचंच नाव. घरात हात चित्राला बसलेला, पण मुलगा गेला डॉक्टरकीला. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात तो शिकला. तिथे त्याला हेन्री ग्रे नावाचे शरीररचना शिकवणारे डॉक्टर भेटले. विद्यार्थ्यांना परवडेल, हाताशी धरून अभ्यास करता येईल असं पुस्तक ग्रे यांना काढायचं होतं. मजकूर ग्रे यांचा, चित्रं कार्टर यांची. १८५८ साली ते छापून आलं. तेच आज ग्रेज अ‍ॅनाटॉमी म्हणून जगभर ओळखलं जातं.

शिक्षक म्हणून मला इथे जरा थांबावंसं वाटतं. पहिल्या आवृत्तीत ३६३ चित्रं होती. छपाई लाकडी ठोकळ्यांवरून होणार, म्हणून चित्र उलटं काढायचं, आरशात दिसतं तसं. आणि त्याआधीच्या पुस्तकांत बहुधा चित्रावर अ, ब, क असे खुणेचे आकडे आणि नावं खाली कुठेतरी, अशी रीत होती. कार्टर यांनी नाव थेट त्या हाडावर, त्या नसेवर लिहिलं. मुलाची नजर चित्रावरून हलायला नको. आपण तक्ता करताना हेच करायला हवं, आणि नेमकं हेच करत नाही! मोबदला म्हणून कार्टर यांना एकदाच दीडशे पौंड मिळाले, पुढच्या विक्रीतला वाटा फक्त ग्रे यांचा. मुखपृष्ठामागच्या पानाच्या प्रुफावर ग्रे यांनी त्यांचं नाव लहान टाइपात करायला लावलं. पुस्तक दुकानात आलं तेव्हा कार्टर मुंबईत पोचलेले होते.

मुंबईत ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायला लागले आणि शेजारच्या जे. जे. रुग्णालयात रुग्ण बघायला लागले. तिथे त्यांना एक विचित्र पाय दिसला. अनवाणी चालणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसांचा पाय. सुजून बेढब झालेला, ठिकठिकाणी भोकं पडलेली, त्यातून पाणी वाहतंय आणि पाण्याबरोबर बारीक दाणे. काहींचे दाणे काळे, बंदुकीच्या दारूसारखे. काहींचे फिकट, माशाच्या गाबोळीसारखे. फारसं दुखत नाही, म्हणून माणूस वर्षानुवर्षं तसाच चालतो. मदुराईकडच्या डॉक्टरांनी १८४० च्या दशकात असे पाय नोंदवले होते, त्यावरून याला मदुरा पाय म्हणत. कारण मात्र माहीत नव्हतं.

उपाय एकच होता, पाय कापणे. कापलेला पाय बहुतेकांच्या दृष्टीने संपलेली गोष्ट. कार्टर यांच्या दृष्टीने तिथून काम सुरू व्हायचं. ते तो पाय उभा चिरायचे, हाडात कुठवर पोकळ्या गेल्यात ते बघायचे, दाणे सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे आणि जे दिसेल ते जसंच्या तसं रंगवायचे. दाण्यांत त्यांना बुरशीचे धागे दिसले. १८६० मध्ये त्यांनी या आजाराला मायसेटोमा, म्हणजे बुरशीची गाठ, असं नाव दिलं आणि हे बुरशीचं काम आहे असं मांडलं. जंतूंमुळे रोग होतात हीच गोष्ट तेव्हा डॉक्टरांना पटायची होती.

१८६३ ते १८७२ ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते, तुरुंगाची जबाबदारीही त्यांच्याकडे. दवाखाना, कैदी, शवविच्छेदनं सांभाळून हा अभ्यास चालूच राहिला. लांज्यातून सातारा म्हणजे आज घाट चढून काही तासांचा रस्ता. तिथे पंख्याशिवायच्या खोलीत कापलेला पाय समोर ठेवून रंग कालवत बसलेला हा माणूस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. रजेवर गेल्यावर ते महारोगाचा अभ्यास करायला नॉर्वेला गेले आणि १८७४ मध्ये लंडनला त्यांचं मायसेटोमावरचं पुस्तक निघालं. भारतातला बुरशीचा रोग, असाच त्याच्या नावाचा अर्थ होतो.

आता त्यांची चूक. त्यांनी दाणे वाढवून बघितले तेव्हा त्यावर गुलाबी बुरशी उगवली. इंग्लंडमधल्या बर्कली नावाच्या बुरशीतज्ज्ञांनी तिला कार्टर यांचंच नाव दिलं. पण ती बाहेरून येऊन बसलेली बुरशी होती, रोगाची नव्हे. आपल्या पावावर येते तशीच म्हणा ना. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या दोन डॉक्टरांनी त्यांच्या म्हणण्यावर जाहीर शंका घेतली. १८९४ मध्ये अल्जीरियात व्हिन्सेंट या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं की असाच सुजलेला, भोकं पडलेला पाय एका प्रकारच्या बॅक्टेरियामुळेही होतो. म्हणजे काळ्या दाण्यांच्या बाबतीत कार्टर बरोबर होते, फिकट दाण्यांतल्या कितीतरी रुग्णांच्या बाबतीत नव्हते. पण काळे आणि फिकट हे दोन प्रकार त्यांनी आधीच वेगळे करून, रंगवून ठेवले होते. म्हणून मागून येणाऱ्यांना चूक कुठे झाली तेही सापडलं.

आज हा फरक जिवाचा आहे. दाणे बॅक्टेरियाचे असतील तर अँटिबायोटिक, बुरशीचे असतील तर इट्राकोनॅझोलसारखं बुरशीचं औषध महिनोन् महिने, बरेचदा जोडीला शस्त्रक्रिया. बाहेरून पाय सारखाच दिसतो. उलटं औषध दिलं तर वर्ष वाया जातं आणि रोग हाडात शिरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मायसेटोमाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं. काटा रुतलेल्या जागी न दुखणारी गाठ आली आणि हटत नसेल, तर पालकहो, पोटीस बांधून बसू नका.

कार्टर यांच्या हातात यातलं एकही औषध नव्हतं. ते मुंबईला उतरले १८५८ साली. नायट्यासाठी पोटातून घ्यायचं पहिलं चांगलं औषध, ग्रायसोफुल्विन, माणसांवर वापरायला सुरुवात झाली १९५८ साली, बरोबर शंभर वर्षांनी. त्यानंतर थोड्याच वर्षांत आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीचं औषध शोधलं. नावातला पहिला भाग कारखान्याच्याच आद्याक्षरांचा.

आणि आता काय आहे? औषध प्रत्येक नाक्यावर आहे, बघणं राहिलंय. मी तेच केलं. गोल दिसला, नायटा म्हटलं, नाव लिहून दिलं. गोल चट्टा इसबाचाही असतो. खाज नाही आणि टोचलेलं कळत नाही असा फिकट चट्टा महारोगाचा असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण आपण त्यावर महिनाभर नायट्याची ट्यूब चोळत बसलो तर उशीर होतो.

त्या डॉक्टरांनी मला जे समजावलं ते इथे लिहिते, कारण शाळेत ही पाळी प्रत्येकावर येते. अंगावरच्या साध्या नायट्याला क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिन एवढंच असलेलं मलम चालतं. जागा धुऊन पूर्ण कोरडी करायची आणि मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं, कारण बुरशी कडेने पसरते. खाज चार दिवसांत थांबते आणि इथेच सगळे चुकतात, मीही चुकले. खाज थांबली म्हणजे बुरशी मेली असं नाही. चट्टा दिसेनासा झाल्यावरही एक-दोन आठवडे लावत राहायचं. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर ट्यूब बदलत न बसता डॉक्टर गाठायचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासॉन, मोमेटासोन यातलं काही ट्यूबच्या मागे असेल तर ते स्टिरॉइड. त्याने लाली नि खाज झटक्यात जाते म्हणून ते गुणकारी वाटतं, पण खाली बुरशी मोकाट वाढते, चट्ट्याचं रूप बदलतं, मग डॉक्टरलाही ओळखणं अवघड होतं. जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे पांढुरके वळ पडतात ते वेगळंच. २०१८ पासून अशी चौदा स्टिरॉइडं असलेली मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. तरी मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

गोळ्यांचं तर दुकानात विचारूच नये. मुलाची मात्रा वजनावर ठरते, मोठ्याची अर्धी गोळी हा हिशेब नव्हे. यकृताचा त्रास, हृदयाचा अशक्तपणा, पोटुशी बाई, मधुमेहाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या चालू गोळ्या, हे सगळं डॉक्टरला आधी सांगायचं, न विचारता सांगायचं. अर्धवट औषधं आणि स्टिरॉइडची मलमं यांच्या गोंधळातच भारतात टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी फोफावली. २०२० मध्ये तिला वेगळं नाव मिळालं त्यात आपल्या देशाचं नाव आहे, ट्रायकोफायटन इंडोटिनी. याचा अभिमान कसा बाळगायचा!

आणि हो, घरात एकाला असेल तर सगळ्यांचं अंग बघून घ्या. टॉवेल, कंगवा, टोपी वेगळी. आमच्या त्या मुलाच्या बहिणीला आधी नेलं असतं तर तिचे पंधरा दिवस वाचले असते.

कार्टर यांचं पुढचं थोडक्यात सांगते. १८७७ च्या दुष्काळात मुंबईत उलटून येणाऱ्या तापाची साथ आली, तेव्हा त्यांनी रुग्णांच्या रक्तात नागमोडी जंतू शोधून काढले. त्या कामात तो ताप त्यांनाही झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजचे ते प्रमुख झाले, १८८८ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी गेले आणि ४ मे १८९७ रोजी स्कारबरो इथे क्षयाने वारले. ग्रे यांचं नाव पुस्तकावर राहिलं. कार्टर यांचं नाव त्या गुलाबी बुरशीला मिळालं होतं, जी रोगाची नव्हतीच.

मुलाला सहा आठवडे पातळ औषध घ्यावं लागलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला तेव्हा चट्ट्यावर बारीक केस होते. आजी माझ्यावर रागावली नाही, त्याचंच जास्त वाटलं. चौथीच्या मुलांना मी आता रिकाम्या ट्यूबा आणायला सांगते आणि मागची अक्षरं भिंगातून वाचायला लावते. शेवटी सोन किंवा सॉल आलं की हात वर. झोल आणि सॉल यांत अजून गोंधळ होतो. मागच्या शनिवारी एकाने दात घासायची पेस्ट आणली होती, तिचंही वाचन झालं.