जेकब वेनराइट

एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार चालत असे. त्या व्यापाऱ्यांच्या तावडीतून सोडविलेली काही मुले नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनच्या आश्रयास आली. जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक. तेथील शाळेत तो लिहावाचावयास शिकला.

इ. स. १८७२ मध्ये विख्यात प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या साहाय्यार्थ स्टॅनलेने माणसे धाडली. त्यांत जेकब होता. पुढील वर्षी मे महिन्याच्या आरंभी चितांबो नायकाच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला. सुसी व चुमा यांच्या नेतृत्वाखाली अनुयायांनी त्याचा देह मायदेशी पोचविण्याचा निश्चय केला. हृदय तेथेच एका वृक्षातळी पुरले. जेकबने प्रार्थना वाचली व खोडावर मृताचे नाव कोरले.

देह वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून ते निघाले. ज्वराने काही सोबती वाटेतच दगावले. कॅमेरून या इंग्रज अधिकाऱ्याने देह वाटेतच पुरण्याचा सल्ला दिला. तो त्यांनी मानला नाही. प्रेत नेण्यास गावकरी हरकत घेत, म्हणून त्यांनी त्यास कापडाच्या गाठोड्याचे रूप दिले. सुमारे नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १८७४ मध्ये, ते बागामोयो बंदरास पोचले.

जेकब देहासमवेत इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेतील अंत्ययात्रेत तो शवपेटिकेसोबत चालला. १८९२ मध्ये आफ्रिकेतच त्याचा अंत झाला. बालपणी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या या तरुणाने, कोणाचीही आज्ञा नसता, आपले कर्तव्य शेवटास नेले.