विश्लेषण : रक्ताचा अहवाल ‘नॉर्मल’, तरी मनाचा आजार कसा?

मुलुंड स्थानकाबाहेरच्या लॅबमध्ये सकाळी रक्त दिले, की थायरॉइड, साखरेचा अहवाल संध्याकाळी मोबाइलवर येतो. नैराश्याचा अहवाल मात्र येत नाही. रक्तात मनोविकाराची खूण शोधण्याच्या प्रयत्नांचा एक धागा मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यापर्यंत पोहोचतो.

डॉ. वकील कोण होते?
१९११ मध्ये जन्मलेले डॉ. वकील हृदयरोगतज्ज्ञ होते. लंडनमध्ये शिकून परतल्यावर त्यांनी परळच्या केईएम रुग्णालयात काम केले. वैद्य सर्पगंधेचे मूळ निद्रानाश आणि उन्मादावर वापरत. डॉ. वकिलांनी ते उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या. १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ने त्यांचा अभ्यास छापला आणि सर्पगंधा जगापुढे आली.

मनोविकाराशी संबंध कसा आला?
१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. अमेरिकेत डॉ. नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिले. १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत डॉ. वकील आणि डॉ. क्लाइन दोघेही होते.

रक्तात काय दिसले?
रेसर्पिनमुळे मेंदूतील आणि रक्तातील प्लेटलेटमधीलही सेरोटोनिन घटते, हे १९५०च्या दशकात आढळले. रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्याही नोंदी होत्या. म्हणून रक्तातून मन वाचता येईल, अशी आशा निर्माण झाली. पुढे नैराश्य, स्किझोफ्रेनिया, स्वमग्नता अशा अनेक विकारांत रक्तातील सेरोटोनिन तपासले गेले.

मग चाचणी का नाही?
सेरोटोनिन असो वा शरीरातील दाह दाखवणारे सीआरपी, एकच बदल अनेक विकारांत दिसतो आणि निरोगी माणसातही सापडतो. त्यामुळे विकारांमधला समान दुवा कळू शकतो, पण एका रुग्णाचे निदान होत नाही. थायरॉइड, बी-१२ च्या चाचण्या डॉक्टर सांगतात, त्या लक्षणांमागे दुसरे शारीरिक कारण नाही ना, हे पाहण्यासाठी.

रुग्णासाठी याचा अर्थ काय?
डॉ. वकील १९७४ मध्ये निवर्तले. तो शोध आजही पूर्ण झालेला नाही. निदान अजूनही रुग्णाशी बोलूनच होते. म्हणून अहवाल चांगला आला तरी घरच्यांनी त्रासाला नाटक म्हणू नये आणि उपचार थांबवू नयेत. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मदत मिळते.